निवटी

ट्रॉम्बे कोळीवाड्याच्या नाक्यावर
बस वळते तिथला तिकोना,
अडीच गाड्या मावतील एवढाच.
वॉर्डातले नेवगी साहेब म्हणाले,
फ्लेमिंगो काढा.
सगळे फ्लेमिंगोच काढतात,
पुलाखाली, शाळेच्या भिंतीवर, सुलभ शौचालयावर.
लोक ओळखतात त्यांना.
मी म्हटलं, लोक चिखलालाही ओळखतात,
आणि निवटी काढली,
चिखलातून अर्धी वर आलेली, शेपटीवर रेललेली.
त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला.
बेडूक आहे का?
मग चहा मागवला. मंजूर.

तीन गोण्या महाडहून, काळे गोटे.
तांबडे नर्मदेकडचे, ते महाग,
म्हणून फक्त कल्ल्यापुरते.
पांढऱ्या गारगोट्या कर्जतच्या.
गोण्या रिकाम्या केल्या
तर सगळं राखाडी.
कोरडा गोटा आपलं गाव सांगत नाही.

दुर्गव्वा एकेक उचलून जिभेला टेकवायची,
ओला झाला की रंग बघायची,
मग टोपलीत.
हिरवट. पिवळा. पुन्हा हिरवट.
एक थुंकून टाकला:
खारट हाय. दर्याचा घुसलाय ह्यात कुनीतरी.
सिमेंटात खार फुटंल, घेऊ नका.
दिवसभरात असे अकरा निघाले.
गोणीवाल्याला फोन केला, तो म्हणाला,
म्याडम, गोटा तो गोटा.

हणमंता लावायला बसला
आणि माझा पहिला तास फुकट गेला.
मी गोटे आडवे मांडले होते, छान पोट वर करून,
दिसतील म्हणून.
त्याने सगळे उपटले.
निजवायचा नाही, उभा करायचा.
निजलेला गोटा उठून जातो,
उभा केलेला बसतो.
दोन भाग मालात, एक भाग वर.
म्हणजे इतके रंग निवडून, चाखून, पैसे मोजून
आम्ही बहुतेक पुरतच होतो.
वर उरलं ते नखाएवढं.
त्या नखांची निवटी.

चौथ्या दिवशी डोळा बसवला.
सगळ्यात काळा गोटा, आठवडाभर खिशात सांभाळलेला.
चांगुणाबाय वैती पाटी घेऊन चालली होती, थांबली.
अगो, निवटीचं डोलं माथ्यावं असतान.
गालावं नाय.
मी फोनमधला फोटो दाखवला.
तिने पदराने काच पुसली, नीट पाहिलं.
ही मेलेली हाय, म्हणाली,
आणि गेली.

माल अजून ओला होता.
हणमंताने छिन्नी घातली, एक शब्द बोलला नाही.
डोळा वर गेला, माथ्यावर, फुगीर,
पाण्याबाहेर काय चाललंय ते बघणारा.
गालावरचं भोक बुजवलं मातकट गोट्याने.
अजून कळतं, माहीत असेल त्याला.
दुर्गव्वा म्हणाली, असू द्या, तीळ वाटंल.

नारळ फुटला. नेवगी साहेबांनी
भाषणात बेडूक म्हटलं नाही, एवढं बरं.
दुसऱ्या दिवसापासून शेपटीवर दोन स्कूटर.
धूळ, चिप्सची पाकिटं,
रिफायनरीकडून येणारा तो वास.
आठवड्याने गेले तर
सगळं पुन्हा राखाडी,
कुणी खाली बघत नव्हतं,
मीही चप्पल न काढता वरून चालले.

साडेअकराला चांगुणाबाय आली.
हाटातून परतताना तिथेच पाटी टेकते हल्ली,
बसची वाट बघत.
पाटीखालून बर्फाचं पाणी निघालं,
चिखलावरून, पोटावरून,
हळू.
कल्ला तांबडा झाला.
गालावरचा तीळ उमटला.
पाणी मानेपाशी अडलं, तिथे माझा उतार चुकलाय.
तिने एकदा खाली पाहिलं,
आणि पायाने पाटी जराशी
पुढे सरकवली.